ऑपरेटर स्लो

माझ्या मोबाइलमध्ये वर्षभरापासून एक फोटो आहे. चाकणजवळच्या एका कंपनीतल्या लाइनवरचा, तासातासाच्या प्रॉडक्शनचा बोर्ड. नाइट शिफ्ट, तारीख 8 नोव्हेंबर 2024. आठ ते नऊ : 62. नऊ ते दहा : 61. दहा ते अकरा : 38. आणि माल कमी का निघाला हे लिहायच्या शेवटच्या रकान्यात सुपरवायझरच्या अक्षरात दोन शब्द : 'ऑपरेटर स्लो'.

तो ऑपरेटर म्हणजे माझे दाजी. वय 46. त्या तासात त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. त्या रात्री त्यांच्या आजाराची पहिली लेखी नोंद झाली ती डॉक्टरच्या कागदावर नव्हे, या बोर्डावर झाली.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, डॉक्टर नाही. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांमध्ये दहा वर्षं काम करते. रेशनकार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, कोर्टाच्या तारखा, हॉस्पिटलच्या बिलावरून होणारी भांडणं, हे माझं रोजचं काम. तरीही त्या रात्री माझ्याच घरात जे झालं ते मला कळलं नाही. म्हणून हा लेख सुपरवायझरला शिव्या घालण्यासाठी लिहीत नाही. शिव्या घालून झाल्यात, त्यातून काही निघालं नाही.

झालं ते असं. अकराच्या सुट्टीत जेवताना दाजींच्या हातातला पाण्याचा ग्लास पडला. उचलायला गेले तर उजवा हात वळेना. बोलायला लागले तर शब्द जड, एकात एक मिसळलेले. सुपरवायझर म्हणाला, "आज पिऊन आला वाटतं. पगार झाला की या लोकांचं हे असंच." आणि त्याने त्यांना डिस्पॅचच्या कोपऱ्यात पुठ्ठ्यांवर झोपायला पाठवलं. दाजी पीत नाहीत. लग्नानंतर त्यांनी पंचशील मनावर घेतलं, त्यातलं पाचवं शील तर त्यांनी भावकीतल्या लग्नातही कधी मोडलं नाही. पण तोंड वाकडं झालेला, अडखळत बोलणारा, सुरक्षानगरच्या नव्हे तर झोपडपट्टीच्या पत्त्याचा कंत्राटी कामगार दिसला की बघणाऱ्याच्या डोक्यात आधी दारू येते. हीच लक्षणं त्याच कंपनीच्या एचआर मॅनेजरला दिसली असती तर पाच मिनिटांत गाडी निघाली असती. 'या लोकांचं' या दोन शब्दांत निदान होऊन गेलं होतं. जात विचारायचीही गरज पडली नाही.

पावणेबाराला लाइनवरच्या परभणीकडच्या एका पोराने ताईला फोन केला. ताईने मला. मी झोपेत होते. ताई म्हणाली, "अगं, ह्यांची जीभ जड झालीय म्हणतात, हाताला मुंग्या आल्यात." मी म्हणाले, "बीपी वाढलं असेल ताई, झोपू दे त्यांना, सकाळी दवाखान्यात नेऊ." माझं हे वाक्य मी रोज ऐकते.

कारण आता मला माहीत आहे की त्या क्षणी दीड तासच झाला होता.

स्ट्रोक म्हणजे आपल्याकडे ज्याला अर्धांगवायू, लकवा, वारं गेलं असं म्हणतात तो आजार. त्याचे मुख्य प्रकार दोन. एकात रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, दुसऱ्यात ती फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक कळतो तो सीटी स्कॅनमध्ये. आणि तो आधी कळलाच पाहिजे, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फुटलेल्या रक्तवाहिनीच्या पेशंटला दिलं तर जीवच जाईल. गुठळीवर असं औषध उपयोगी पडतं हे 1995 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं, तेव्हा मुदत होती तीन तासांची. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत नेली. 2006 मध्ये जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने हिशेब मांडला की मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही तर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. दाजी पुठ्ठ्यावर किती मिनिटं होते याचा गुणाकार मी एकदा केला होता. पुन्हा करणार नाही.

अडीचला ताईचा पुन्हा फोन. आता त्यांना उभं राहता येत नव्हतं. मी निघाले. पण कंपनीतून बाहेर पडायला गेटपास लागतो, गेटपासवर ऑफिसरची सही लागते, आणि ऑफिसर दुसऱ्या प्लांटला गेलेला. सव्वातीनला दाजी गेटबाहेर आले ते मोटरसायकलवर, दोन पोरांच्या मध्ये बसून, डोकं पुढच्याच्या पाठीवर टाकून. म्हणजे साडेचार तासांची मुदत कंपनीच्या गेटच्या आतच संपली. लोक चाकणच्या ट्रॅफिकला दोष देतात, तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकातली कोंडी खरीच आहे, पण रात्री तीनला रस्ता मोकळा होता.

108 नंबरला कुणीच फोन केला नाही. ही सेवा राज्यात 2014 पासून आहे, 937 गाड्यांनी ती सुरू झाली, फुकट आहे, आणि मीच वस्तीतल्या बायकांच्या बैठकीत तो नंबर फळ्यावर लिहून आलेली आहे. बाळंतपणासाठी. हात वळत नाही म्हणून 108 बोलवायची असते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दवाखान्यात सीटी नव्हता. सलाइन लावलं, बीपीचं इंजेक्शन दिलं, तासभर गेला. दुसऱ्या, महामार्गालगतच्या मोठ्या हॉस्पिटलात सीटी होता, पण आधी पन्नास हजार डिपॉझिट. मी कायदा सांगत उभी राहिले. ट्रस्टच्या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि 10 टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना 2006 पासून लागू आहे. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमचं ट्रस्टचं नाही, प्रायव्हेट लिमिटेड आहे." तिथे माझा कायदा संपला. ताईने गंठण काढलं. सीटी झाला तेव्हा पहाटेचे पाच पन्नास वाजले होते.

डॉक्टर तरुण होत्या, नीट बोलल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "पेशंटला शेवटचं ठणठणीत कुणी आणि कधी पाहिलं?" सगळा उपचार या एका उत्तरावर असतो. वेळ मोजायची ती लक्षणं कुणाच्या लक्षात आली तेव्हापासून नव्हे, माणूस शेवटचा धड होता तेव्हापासून. आम्हा कुणाकडेही उत्तर नव्हतं. शंभर-दीडशे माणसांच्या शेडमध्ये दाजींकडे कुणी पाहिलंच नव्हतं, पाहिलं होतं ते त्यांच्या मशीनमधून पडणाऱ्या नगांकडे. बोर्डाचा फोटो त्या परभणीच्या पोराने मला चार दिवसांनी पाठवला, सुपरवायझर का ओरडत होता ते सांगण्यासाठी. तेव्हा कळलं, दहापर्यंत दाजी धड होते.

डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शनची वेळ गेली. मग त्यांनी दुसऱ्या उपचाराचं सांगितलं. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढायची. 2015 मध्ये एकामागून एक अशा पाच चाचण्यांनी हे तंत्र सिद्ध केलं, आणि 2018 मध्ये दोन चाचण्यांनी दाखवलं की निवडक पेशंटमध्ये हे 16 ते 24 तासांपर्यंतही करता येतं. म्हणजे विज्ञानाने दाजींसाठी आणखी एक दार उघडं ठेवलं होतं. त्या दारावर साडेपाच लाखांचं इस्टिमेट होतं. आम्ही सह्या करून 'नको' म्हणालो. त्या फॉर्मवर 'नातेवाइकांनी नकार दिला' असं छापलेलं असतं. आम्ही नकार दिला नव्हता हो, आमच्याकडे पैसे नव्हते. यासाठी त्या फॉर्मवर रकाना नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मला नंतर वाचून कळली आणि जिने मी सगळ्यात जास्त चिडले. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांमध्ये जुनं अल्टेप्लेज, ते तासभर सलाइनसारखं सोडावं लागतं. नवं टेनेक्टेप्लेज काही सेकंदांत एकाच दमात देता येतं. कॅनडातल्या 1600 पेशंटांच्या चाचणीने 2022 मध्ये दाखवलं की साडेचार तासांच्या आत ते जुन्या औषधाच्या तोडीस तोड आहे. अमेरिकेच्या एफडीएने त्याला स्ट्रोकसाठी मान्यता दिली ती मार्च 2025 मध्ये. भारतात ते त्याआधीपासून वापरलं जातं, आणि ते बनवणारी जेनोव्हा ही कंपनी आहे हिंजवडीत. आमच्या हिंजवडीत! वाकडच्या पुलावरून रोज ज्या गर्दीला नावं ठेवत आपण जातो, त्या गर्दीच्या पलीकडे हे औषध तयार होतं. चाकणला गाडीचे पार्ट बनवणाऱ्या माणसाच्या मेंदूचं औषध त्याच औद्योगिक पट्ट्यात बनतं. पार्ट मात्र ठरलेल्या मिनिटाला असेंब्ली लाइनवर पोचतो, उशीर झाला तर व्हेंडरला दंड असतो. औषध माणसापर्यंत ठरलेल्या तासात पोचलं नाही तर दंड कुणाला?

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. हिमाचल प्रदेशात दहा वर्षांपूर्वीच सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांमध्ये हे काम सुरू झालं. तिथे न्यूरॉलॉजिस्ट नव्हते. साधे फिजिशियन सीटीचे फोटो मोबाइलवरून दूरच्या तज्ज्ञाला पाठवत आणि सल्ला आला की इंजेक्शन देत, तेही मोफत. डोंगरात जमलं ते एक्स्प्रेसवेच्या शेजारी का जमू नये?

आता आईकडे येते. तिसऱ्या दिवशी आई हॉस्पिटलच्या पायरीवर मला म्हणाली, "जावईबापूंना कबुतराचं रक्त चोळू या. आपल्या गावाकडचा तो माणूस बरा झाला होता." मी तिच्यावर भडकले. बावीस प्रतिज्ञांपासून सुरुवात केली, लोक राजस्थानातल्या बुटाटीच्या मंदिरात लकव्यासाठी सात दिवस फेऱ्या मारतात त्यावर घसरले, विज्ञाननिष्ठा, बाबासाहेब, सगळं काढलं. आई गप्प ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "पण उशीर कबुतराने नाही ना केला."

मी आजही कबुतराच्या रक्ताच्या विरोधात आहे. ते थोतांड आहे आणि त्यापायी तास वाया जातात. पण आपल्या चळवळीत, विशेषतः माझ्यासारख्या शिकलेल्यांत, एक सवय झाली आहे. गरीब माणूस उशिरा पोचला की आपण 'जनजागृतीचा अभाव' असं लिहून मोकळे होतो. दाजींच्या साडेसात तासांचा हिशेब मांडा. सुपरवायझरचा संशय, गेटपास, सीटी नसलेला दवाखाना, डिपॉझिट, आणि माझं 'सकाळी बघू'. यात आईचं अज्ञान एक मिनिटाचंही नाही. अंधश्रद्धा तिसऱ्या दिवशी आली, व्यवस्थेने हात वर केल्यानंतर.

गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या अभ्यासकांनी 86 गावांतले दोन वर्षांतले 1599 मृत्यू तपासले होते. 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात 229 मृत्यू स्ट्रोकचे निघाले, म्हणजे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण. आणि त्यातले 87 टक्के घरीच झाले. शहरातल्या श्रीमंतांचा आजार म्हणून ज्याची ओळख, तो आदिवासी आणि बहुजनांच्या खेड्यात झोपडीत माणसं मारत होता. चाकणच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये असं मोजायला कुणी गेलंय का?

आता कामाच्या तासांबद्दल. दाजींची शिफ्ट बारा तासांची, आठवड्याला सहा दिवस, बहात्तर तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2021 मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत स्ट्रोकचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो. दाजींना स्ट्रोक ओव्हरटाइममुळेच झाला असा दावा मी करणार नाही, त्यांचं बीपी आधीपासून होतं आणि गोळ्या ते मधूनच सोडायचे. नाइटला गोळी घेतली की झोप येते, झोप आली की नग कमी पडतात, असं त्यांचं गणित होतं. पण तेही गणित त्या बोर्डाचंच ना?

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, 1946 मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे 54 तास 48 वर आले. त्याच खात्याच्या काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम दिलं गेलं, आणि त्यातूनच पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा, आपलं ईएसआय, उभं राहिलं. आणि सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली. बातमीत त्याला 'उद्योगस्नेही' म्हटलं होतं. 14 एप्रिलला याच मंत्र्यांचे फ्लेक्स आमच्या चौकात लागतात.

ईएसआयचं आमच्याकडे काय झालं तेही सांगते. दाजींच्या पगारातून 0.75 टक्के दर महिन्याला कापले जात होते, पावत्या आहेत. ठेकेदाराने कार्डच काढून दिलं नव्हतं, ते मी नंतर भांडून काढलं. ईएसआयमध्ये एक चांगली तरतूद आहे. आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के मजुरी मिळते, आणि 34 दीर्घ आजारांची यादी आहे, त्यात असेल तर पुढे दोन वर्षांपर्यंत 80 टक्के मिळू शकते. अर्धांगवायू त्या यादीत आहे. वाचून मला रडू आलं होतं. मग खालची अट वाचली : आधीची दोन वर्षं सलग विमा असलेली नोकरी. दाजी त्याच शेडमध्ये, त्याच मशीनवर सहा वर्षं होते. पण ठेकेदार दर अकरा महिन्यांनी 'ब्रेक' देतो आणि नव्या नावाच्या कंपनीवर घेतो. कागदावर दाजींची सलग दोन वर्षं कधी झालीच नाहीत. आजार यादीत बसला, माणूस बसला नाही. कंत्राटी पद्धतीवर आपण मोर्चे काढतो ते पगार आणि नोकरीच्या हमीसाठी. या 'ब्रेक'ची किंमत माणूस आडवा पडल्यावर कळते.

सगळा भार आला ताईवर. ती सकाळी चार घरची धुणीभांडी करते, मग घरी येऊन दाजींचा हात वर-खाली करते, फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे. हॉस्पिटलांना हे फार सोयीचं असतं, 'घरच्यांनीच व्यायाम करून घ्यायचा'. याचीही भारतात चाचणी झालेली आहे. 14 हॉस्पिटलं, 1250 पेशंट, 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. घरच्यांना शिकवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला तर सहा महिन्यांनी फरक पडतो का? पडला नाही. मृत्यू आणि परावलंबन, दोन्ही जवळपास तेवढंच. मला हा निकाल वाचून वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. ताई रात्री म्हणते, "माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून ह्यांचा हात उठत नाही." मी तिला ते दाखवलं. म्हणाले, ताई, तुझं चुकत नाही. बायकोच्या फुकटच्या कष्टावर फिजिओथेरपिस्टची जागा भरता येत नाही, हे आता छापलंय.

दाजींची भाषा गेली आहे. समजतं बरंचसं, बोलता येत नाही. ताईचं नाव येत नाही. पण गेल्या वैशाख पौर्णिमेला आम्ही त्यांना देहूरोडच्या विहारात नेलं. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 ला बुद्धमूर्तीची स्थापना केली तेच हे विहार, दाजींचं लहानपण तिथल्याच अंगणात गेलं. वंदना सुरू झाली आणि दाजी सगळ्यांबरोबर त्रिसरण म्हणायला लागले. स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. वंदना संपल्यावर तिने विचारलं, "माझं नाव काय?" त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मान खाली घातली. शेजारच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, ही धम्माची शक्ती. मी काही बोलले नाही. वाचाउपचार करणाऱ्या मॅडमनी नंतर सांगितलं की पाठ झालेलं, तालात म्हणायचं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं आणि पुष्कळदा शाबूत राहतं, आकडे, गाणी, प्रार्थना. त्याच वाटेने थोडं बोलणं परत आणायचा प्रयत्न करता येतो. आता ताई त्यांच्याकडून 'पाणी', 'दुखतंय' हे शब्द ताल धरून म्हणवून घेते. 'पाणी' येतं.

1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात निकाल दिला होता. हकीम शेख नावाचा मजूर ट्रेनमधून पडला, डोक्याला मार, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवलं. न्यायालय म्हणालं, तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे संविधानाच्या कलम 21 चा, जगण्याच्या हक्काचा भंग. म्हणजे हा हक्क आपल्या बापाच्या संविधानात आहेच. पण स्ट्रोकमध्ये कुणी नकार देतच नाही. सगळे फक्त थांबवून ठेवतात. सहीसाठी, पैशासाठी, सकाळसाठी. थांबवून ठेवण्याविरुद्ध खटला कसा भरायचा, हे मी दोन वकिलांना विचारलंय.

तोवर आम्ही एक छोटी गोष्ट सुरू केली. लाइनवरच्या पोरांना घेऊन रविवारी विहारात बसायचं आणि एवढंच सांगायचं : तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी अचानक दिसलं तर तोंडाचा वास घेत बसू नका, घड्याळ बघा. वेळ लिहा. 108 लावा, आणि सीटी कुठे आहे ते विचारूनच गाडी वळवा. आपल्या पट्ट्यात रात्री दोन वाजता सीटी आणि इंजेक्शन दोन्ही कुठे मिळतं, याची माहिती महापालिका आणि आरोग्य खात्याकडे मागितली आहे. कायद्याने प्रथमोपचार पेटी लागते, पण पाचशेवर कामगार असतील तरच ॲम्ब्युलन्स रूम लागते, त्यामुळे छोट्या व्हेंडरांकडे पेटीत बहुतेक वेळा कापूस आणि आयोडीन एवढंच असतं.

गेल्या महिन्यात त्याच परभणीच्या पोराचा फोन आला. शेजारच्या शेडमध्ये पन्नाशीतला एक माणूस, डावा हात गेला. नऊ वीस. पोरांनी गेटवर गोंधळ घालून सहीविना गाडी काढली आणि दोन तासांच्या आत सीटी झाला. निघालं काय, तर गुठळी नव्हे, रक्तस्राव. आमचं पाठ केलेलं इंजेक्शन तिथे चालणारच नव्हतं. पण रक्तस्रावातही लवकर पोचण्याला अर्थ आहे. 2023 च्या एका चाचणीत, ज्यात भारतातलीही हॉस्पिटलं होती, सात हजारांवर पेशंटांमध्ये दिसलं की पहिल्या तासाभरात बीपी खाली आणणं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर त्यांचा परिणाम उतरवणं, एवढ्या साध्या गोष्टी मिळून केल्या तरी पेशंट जास्त बरे होतात. त्या माणसाचं बीपी लगेच उतरवलं. अकरा दिवसांनी घरी गेला, काठी घेऊन चालतो.

मी त्याला भेटायला गेले होते. पोरांकडे कागद नव्हता म्हणून त्यांनी पार्टवर खुणा करायच्या पिवळ्या पेंट मार्करने त्याच्या हातावरच वेळ लिहिली होती. 9.20. त्याची बायको सांगत होती, रॉकेलने पुसलं तरी निघत नव्हतं.